जुन्या लुगड्यांतून विठ्ठल: भिंतीवरची गोधडी कशी करावी

देवाची आकृती असलेली गोधडी कुणी पायाखाली अंथरणार नाही, तेव्हा ही भिंतीसाठीच करायची. 24 × 36 इंच पुरे. पहिल्याच खेपेला मोठी घेतली की ती अर्धवट राहून ट्रंकेत जाते.

सुरुवातीला विठ्ठलच घ्या. कटेवरच्या हातांमुळे नाकडोळे नसले तरी तो ओळखू येतो. कागद उभा दुमडून अर्धीच आकृती काढा, कापा, उलगडा. कोपर आणि कंबर यांमधली मोकळी त्रिकोणी जागा नीट साधली की निम्मं काम झालं. चेहरा भरायच्या फंदात पडू नका. मी दोनदा भरला, दोन्ही वेळा उसवला. कपाळी गोपीचंदनाचा टिळा पुरतो.

देहाला जुनी काळी चंद्रकळा, पीतांबराला पिवळं रेशीम, विटेला तांबडा खण, चौकटीला इरकली काठ. प्रत्येक कापडावर आधी ओला पांढरा फडका घासा. रंग लागला तर ते कापड बाद, मग ते आजीचं असलं तरी. खणाचे धागे कडेने सुटतात, म्हणून मागून मलमलीचं अस्तर द्या. रेशमावर आणि जरीवर सुती कापड ठेवूनच इस्त्री फिरवा, नकली जरतार तापली की आक्रसते.

आता तुकडे पायाच्या कापडावर लावायचे: आधी वीट, मग देह, पीतांबर, शेवटी मुकुट. कड पाव इंच आत दुमडून बारीक हेम घाला. आतल्या वळणांवर कात्रीने लहान चिरा दिल्या नाहीत तर कापड गोळा होतं. माशाच्या आकाराची कुंडलं जरीच्या काठातून कापा. तुळशीहाराला मात्र वेळ द्या: हिरव्याच्या तीन छटा, साखळीचा टाका आणि मधूनमधून मंजिऱ्यांसाठी जांभळट गाठी. एकाच हिरव्या दोऱ्याचा हार प्लास्टिकचा वाटतो.

खाली अस्तर, मध्ये जुन्या सुती साडीचे दोन थर, वर चित्र. सुरकुत्या मधून कडेकडे सारत दर 4 इंचांवर कच्चा दोरा घाला. मग धावदोरा, गोधडीच्या रीतीने कडेपासून आत फिरत. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या, मूळ आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजाच्या बायका आपली कवंद, म्हणजे गोधडी, अशीच शिवतात आणि कोपऱ्यांना त्रिकोणी तुकड्यांची 'फुलं' लावतात. ख्रिस्ती बायकांच्या काही कवंदांवर क्रूस असतो, मुसलमान बायकांच्या काहींवर चंद्रकोर. विठ्ठलाजवळ आलात की सरळ ओळी सोडा आणि त्याच्या आकाराभोवती अर्ध्या इंचावर टाके फिरवा. देहावर टाका घालू नका. तो भाग फुगीर राहतो आणि मूर्ती उठून दिसते.

मणी लावायचे तर आत्ता, आधी लावले की सुई अडते. कच्चा दोरा काढा, कडा इरकली काठाने बांधा, मागे वरच्या बाजूला दांडीसाठी 4 इंची पट्टी शिवा. इतकी वेगवेगळी कापडं एकत्र आल्यावर धुणं नको, नुसती झटका. आणि ऊन येणाऱ्या भिंतीवर टांगू नका, रंग विटतात.