भाकरी खाऊन पण शुगर वाढते? मग मीटरलाच विचारा

डायबेटिस झाला की पोळी सोडली, ज्वारीची भाकरी धरली की झालं, असं आपल्याकडे सगळ्यांना वाटतं, पण भाकरीत पण कार्ब्ज (पिष्टमय पदार्थ, ज्यांची पोटात गेल्यावर साखर होते) असतातच हो, तीन हाणल्या तर मीटर (बोट टोचून घरीच शुगर मोजायचं यंत्र, ग्लुकोमीटर) दाखवणारच. त्यापेक्षा असं करा, एकच जेवण धरा, जेवायच्या आधी एक रीडिंग आणि पहिला घास घेतल्यापासून (जेवण संपल्यापासून नाही!) दोन तासांनी दुसरं, वहीत लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी भात बंद, भाकरी एकच, मेथीची भाजी, काकडी आणि अंडी किंवा पनीर जास्त, मग परत मोजा, फरक आपोआप कळतो. दोन तासांनी १८०च्या खाली असलं तर साधारण ठीक.

टोचायच्या आधी हात साबणाने धुवून नीट कोरडे करा. मी एकदा आंबा चिरून तसंच टोचलं तर २४० आलं, घाबरलेच, हात धुतल्यावर १३२! आणि बोटाच्या मधोमध नको, कडेला टोचा, कमी दुखतं.

इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइड (शुगर कमी करणारी गोळी) चालू असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय कार्ब्ज कमी करू नका, शुगर ७०च्या खाली गेली की घाम सुटतो, हात थरथरतात, तेव्हा लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची आणि १५ मिनिटांनी परत मोजायचं.