घरच्या सर्व्हरला बूट ड्राइव्ह कुठली घ्यावी?

डेटाच्या डिस्कांवर माणूस महिनाभर खल करतो आणि बूट ड्राइव्हची (जिच्यावरून सर्व्हर सुरू होतो तिची) वेळ आली की खणातला पेनड्राइव्ह काढतो. ट्रूनॅस (घरच्या फाइल-सर्व्हरची सिस्टीम) बसवणार असाल तर तेवढं करू नका. मी इथेच आपटलो, तेही भर पावसात.

"बूटला पेनड्राइव्ह पुरतो" हा सल्ला खोटा नाही, शिळा आहे. ट्रूनॅसचं जुनं नाव फ्रीनॅस. तो पूर्वी सगळी सिस्टीम रॅममध्ये चढवून चालायचा, पेनड्राइव्हवर फारसं लिहायचाच नाही. 2014 च्या अखेरीस त्याची 9.3 आवृत्ती आली, बूट ड्राइव्हवरही झेडएफएस (फाइली साठवायची पद्धत) आली आणि लिहिणं वाढलं. 2020 मध्ये नाव बदलून ट्रूनॅस झालं, पण जुने व्हिडिओ तसेच फिरताहेत. अनरेड या दुसऱ्या सिस्टीमची गोष्ट वेगळी, तो मुळात पेनड्राइव्हवरून बूट व्हायलाच बनवलाय. त्यामुळे "माझा कित्येक वर्षं चालतोय" असं कुणी छातीठोक सांगितलं, तर आधी विचारा, सिस्टीम कुठली?

पेनड्राइव्ह मरताना सांगत नाही, खरी गोम ही आहे. सिस्टीमच्या बारीकसारीक नोंदी त्याच्यावर दिवसरात्र पडत असतात. एसएसडीचा कंट्रोलर ही झीज सगळ्या चिपभर वाटून देतो, स्वस्त पेनड्राइव्हला ते धड जमत नाही. मग काही ब्लॉक जातात. पण रोज लागणाऱ्या फाइली आधीच रॅममध्ये असतात, म्हणून फोटो उघडत राहतात, टीव्हीवर सिनेमाही चालतो. आषाढात फांदी तारेवर पडते आणि लाईट जाते. लाईट येते, पंखे फिरतात आणि स्क्रीनवर बूट डिव्हाइस सापडत नसल्याचा निरोप. बिघाड कधीचाच झालेला असतो, कळतो तो लाईट आल्यावर. पेनड्राइव्हचा सल्ला देणाऱ्या शहरातल्या गुरुजींचा सर्व्हर महिनोन्‌महिने रीस्टार्ट होत नाही, त्यांना हे दिसणार कुठून? इथे रत्नागिरीत जून ते सप्टेंबर दर आठवड्याला परीक्षा. यूपीएस लावाच, पण त्याने पेनड्राइव्हची झीज थांबत नाही.

घ्यायची ती 120-128 जीबीची साधी सॅटा (केबलीने जोडायची) एसएसडी. सिस्टीमला 20-30 जीबी पुष्कळ होतात आणि ट्रूनॅस अख्खी ड्राइव्ह स्वतःकडे ठेवतो, उरलेल्या जागेत तुम्हाला डेटा ठेवू देत नाही. दुकानदार 500 ची घ्या म्हणाला तर हसून नको म्हणा. महागड्या, वेगवान ड्राइव्हचंही तेच, फोटो कॉपी व्हायचा वेग डेटा डिस्का आणि नेटवर्क ठरवतात. जुन्या लॅपटॉपमधली एसएसडीसुद्धा चालेल, फक्त आधी तिचा स्मार्ट रिपोर्ट (ड्राइव्हच्या तब्येतीचा अहवाल) बघा. एम.2 (थेट बोर्डावर बसणारी चपटी ड्राइव्ह) घेणार असाल तर मदरबोर्डचं मॅन्युअल उघडा. कित्येक बोर्डांवर एम.2 स्लॉट भरला की एखाद-दुसरा सॅटा पोर्ट बंद होतो, आणि माणूस उगाच केबली बदलत बसतो.

दोन बूट ड्राइव्ह मिरर करा (दोन्हींवर तेच ठेवा), असं जाणकार सांगतात. घरासाठी मला तो थाट वाटतो. दुसरी एसएसडी घ्या, पण आगोटीच्या (पावसाळ्याआधी भरून ठेवायच्या) सामानासारखी बाजूला ठेवा: हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसकट. खाऱ्या हवेत उघड्या पिना काळवंडतात, आणि ऐन पावसात घाट बंद असला की कुरियरची वाट बघण्यात काय मजा असते ते इथल्यांना सांगायला नको.

एवढं वाचून घाबरू नका. बूट ड्राइव्ह गेली म्हणून फोटो जात नाहीत. पूलची (डेटा डिस्का मिळून झालेल्या साठ्याची) माहिती डेटा डिस्कांवरच असते. नव्या ड्राइव्हवर सिस्टीम टाका, पूल इम्पोर्ट करा, जतन केलेली कॉन्फिग (सेटिंगची) फाइल चढवा, यूजर आणि शेअर जागच्या जागी येतात. निवांत संध्याकाळचं काम आहे.

मात्र ती फाइल सर्व्हरवरच ठेवलेली असली तर बोंबला! ती लॅपटॉपवर हवी. उतरवून घेताना सीक्रेट सीडच्या चौकोनात टिक करा, नाहीतर सिस्टीमने साठवलेले पासवर्ड नव्या ड्राइव्हवर उलगडत नाहीत. डेटासेट (पूलमधला कप्पा) किल्लीने एन्क्रिप्ट म्हणजे कुलूपबंद केला असेल तर किल्लीची फाइलही वेगळी उतरवून ठेवा. किल्ली हरवली तर डिस्का धडधाकट असूनही फोटो गेले, तिथे कुणाचा सल्ला चालत नाही.

आणि सिस्टीम टाकताना डेटा डिस्कांच्या केबली काढून ठेवा. इन्स्टॉलर निवडलेली ड्राइव्ह पूर्ण पुसतो, आणि रात्री अकरा वाजता एसडीए-एसडीबी अशा सारख्या दिसणाऱ्या डिस्क-नावांच्या यादीत भलत्याच ओळीवर एंटर मारायला वेळ लागत नाही.