सिनियर अपार्टमेंटमध्ये राहायला आलात, आता रोजची घडी कशी बसवायची

सिनियर लोकांच्या अपार्टमेंटमध्ये फ्लॅट घेतला की आपल्याला, आणि आपल्यापेक्षा जास्त आपल्या मुलांना, वाटतं की आता सगळं तिथली माणसं बघतील. नाही बघत. लिफ्ट असते, जेवणाचा हॉल असतो, नळ गळला की दुरुस्तीला माणूस येतो, पण गोळ्या वेळेवर देणं, अंघोळीला मदत करणं, रात्री सोबतीला कोणी असणं हे सहसा यात नसतं, त्याला असिस्टेड लिव्हिंग म्हणतात आणि त्याचा करारही वेगळा आणि पैसेही वेगळे. इथे तुम्ही तुमच्याच घरात राहताय, त्यामुळे घडी आपणच बसवायची, आणि ती तब्येत ठणठणीत असतानाच बसवायची. आजारी पडल्यावर कोणाला सुचत नाही हो.

सही झाली असली तरी करार परत एकदा निवांत वाचा. महिन्याच्या पैशात नेमकं काय काय येतं, दरवर्षी वाढ कशी होते, पाहुणे किती रात्री राहू शकतात, बाहेरची मदतनीस बाई किंवा नर्स आणलेली चालते का, दोघांपैकी एक गेला तर मागे राहिलेल्याला किती भरावं लागतं, आणि सोडून जायची वेळ आली तर डिपॉझिट कधी आणि किती परत मिळतं. ऑफिसात कोणी "ते होऊन जाईल" असं तोंडी सांगितलं तर हसून मान डोलवा आणि घरी येऊन तेच ईमेलवर विचारा.

आता घर. सगळ्यात आधी बाथरूमकडे बघा, हॉलचे पडदे नंतर. कमोडजवळ आणि शॉवरजवळ भिंतीत पक्के बसवलेले ग्रॅब बार, म्हणजे धरून उठायचे दांडे, पाहिजेत, रबरी सक्शनने चिकटवायचे मिळतात ते नाही, आणि टॉवेलचा रॉड धरून तर कधीच उठायचं नाही कारण तो माणसाच्या वजनासाठी नसतोच. सीटची उंची जमिनीपासून साधारण ४३ ते ४८ सेंटीमीटर असली की गुडघ्यांना बरं पडतं, कमी असेल तर वर बसवायची उंच सीट मिळते. गीझर ४९ डिग्रीच्या वर ठेवू नका, ६० डिग्रीच्या पाण्याने पाचेक सेकंदात चांगलंच भाजतं आणि या वयात कातडी पातळ झालेली असते. दाराची कडी बाहेरून उघडता येईल अशी करून घ्या (आतून कडी लावून पडलेल्या माणसाला बाहेर काढायला दार तोडण्यात किती वेळ जातो ते एकदा पाहिलं की कोणी वाद घालत नाही).

उजेडाचं सांगायलाच हवं. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या मानाने जेमतेम एक तृतीयांश उजेड पोचतो, त्यामुळे "मला दिसतंय की" यात काही अर्थ नाही, बल्ब वाढवा आणि पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्रभर चालणारे छोटे दिवे लावा. सुट्या सतरंज्या, पायपुसणी, वायरी वाटेतून काढून टाका. रोज लागणाऱ्या वस्तू कमरेपासून खांद्यापर्यंतच्या फळ्यांवर, म्हणजे स्टूलवर चढायचा प्रश्नच नको. आणि रात्री उठताना पलंगाच्या कडेला मिनिटभर बसून मगच उभं राहायचं, एकदम उठलं की बीपी पडतं, डोळ्यापुढे अंधारी येते आणि पुढचं काय ते कळतंच.

इमर्जन्सी बटण प्रत्येकाच्या घरात असतं आणि ते कोणी दाबून बघितलेलं नसतं. ऑफिसला सांगून दाबा. वाजतं कुठे, येतं कोण, मध्यरात्री कोण येतं, येणाऱ्याकडे किल्ली असते का, आल्यावर तो नुसता फोन करतो की फर्स्ट एड येतं त्याला, हे सगळं विचारून घ्या. बाथरूममधली ओढायची दोरी जमिनीपर्यंत लोंबकळत ठेवायची, बरेच जण पुसताना मध्ये येते म्हणून वर गुंडाळून ठेवतात, मग खाली पडलेल्या माणसाचा हात तिथे पोचणार कसा? गळ्यातलं बटण असेल तर ते वॉटरप्रूफ आहे का बघा आणि अंघोळीला जाताना काढू नका, पडायची भीती तिथेच जास्त. धुराचा अलार्मही तपासा, नेहमीच्या अलार्मचा आवाज ३००० हर्ट्झच्या आसपास असतो आणि वयाने ऐकू येणं कमी होतं ते अशा वरच्या पट्टीतल्या आवाजाचंच आधी, म्हणून ५२० हर्ट्झचा खालच्या पट्टीतला किंवा पलंग हलवणारा अलार्म मागून घ्या.

यापुढे जे सांगतोय ते फुकट आहे आणि माझ्या मते सगळ्यात कामाचं. शेजाऱ्याशी सकाळचा इशारा ठरवा. दाराला एक टॅग अडकवायचा किंवा साधा मेसेज, ठरलेल्या वेळेपर्यंत. आला नाही तर आधी फोन, मग बेल, मग ऑफिसची किल्ली, या क्रमानेच, आणि उगाच संकोच करायचा नाही. बाहेरगावी जाताना आदल्या रात्री सांगायचं, नाहीतर सगळ्यांची धावपळ. फ्रिजवर एक कागद लावा, त्यावर औषधं आणि डोस, अ‍ॅलर्जी, डॉक्टरचं नाव, घरच्या दोघांचे नंबर, तारीख टाकून. औषध बदललं की कागद बदला, जुनी यादी नसलेल्या यादीपेक्षा वाईट.

जेवणाच्या हॉलमध्ये टेबलं फार लवकर ठरून जातात, पहिल्या आठवड्यात जिथे बसाल तिथेच वर्षभर अडकाल, तेव्हा सुरुवातीला मुद्दाम फिरून बसा. ऐकायला कमी येत असेल तर भिंतीकडे पाठ करून आणि किचनच्या दारापासून लांब, तिथे भांड्यांच्या आवाजात बोलणं कळत नाही, मग माणूस नुसता मान हलवतो आणि लोक म्हणतात फार शिष्ट आहेत. कमिट्यांना पहिले दोन-तीन महिने नाही म्हणा. उसने पैसे द्यायचे नाहीत, अगदी गोड बोलून मागितले तरी. नवराबायको असाल तर दोघांचा एक तरी कार्यक्रम वेगवेगळा ठेवा, आणि बँकेचं काम एकालाच आणि स्वयंपाक दुसऱ्यालाच येतो असं असेल तर आत्ताच अदलाबदल करून शिकून घ्या.

हॉलमध्ये जेवण मिळतं म्हणून स्वतःचं किचन बंद करू नका, हातपाय आणि डोकं दोन्ही चालतं त्याने. चालणं तर हवंच, जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं सांगते आणि ६५ च्या पुढच्यांना तोल सांभाळायचे व्यायाम आठवड्यात तीन दिवस तरी. ओट्याला धरून एका पायावर उभं राहणं हेही त्यातच येतं. पाणी तहान लागायची वाट न बघता प्यायचं, वयाबरोबर तहानच कमी लागते (डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर अर्थात त्यांचं ऐका). सोसायटीची गाडी असेल तर डॉक्टरची अपॉइंटमेंट घ्यायच्या आधी गाडीचं टाइमटेबल बघा, उलटं केलं की डोक्याला ताप.

आणि एक अवघड बोलणं मुलांशी आत्ताच करून टाका, कधी जास्त मदत घ्यायची. खुणा आधीच ठरवा: बिलं न उघडता पडून राहणं, तारीख गेलेल्या गोळ्या, गॅसवर करपलेली भांडी, कपडे सैल व्हायला लागणं, ठरलेला सकाळचा मेसेज वारंवार विसरणं. यातलं दोनेक दिसलं तर आठवड्यातून काही तास मदतीला माणूस घ्यायचा, थेट दुसरीकडे हलायची भाषा नाही. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.