कन्फोकलखाली दिसतो तो रंग: सीलर पेनिट्रेशनवर प्रबंध करणाऱ्यांसाठी

एमडीएसला (दंतवैद्यकातल्या पदव्युत्तर पदवीला) एन्डोडॉन्टिक्स म्हणजे रूट कॅनालचं शास्त्र घेतलं की सिनॉप्सिसच्या (प्रबंधाच्या आराखड्याच्या) चर्चेत हा विषय हमखास निघतो: रूट कॅनाल भरताना फटी बुजवणारे दोन-तीन सीलर घ्यायचे, त्यांत फ्लुरोसंट रंग मिसळायचा आणि डेंटिनच्या ट्यूब्यूलमध्ये (दाताच्या आतल्या थरातल्या सूक्ष्म नळ्यांत) कोण किती खोल जातो ते मोजायचं. काळ्या पटावर कॅनालभोवती लाल किरणं पसरलेली दिसतात, चित्रं देखणी येतात. पण कन्फोकलला, म्हणजे लेझरवर चालणाऱ्या या सूक्ष्मदर्शकाला, सीलर दिसतच नाही, दिसतो फक्त रंग. रंग जिथे पोचला तिथे सीलरही पोचला, हे दाखवून देणं तुमच्याकडे लागतं. बहुतेक प्रबंध इथेच लंगडे पडतात.

सर्रास वापरला जाणारा रंग म्हणजे रोडामाइन बी, सीलरच्या वजनाच्या ०.१ टक्का. तो स्वस्त आणि प्रखर आहे, आणि पाण्यात सहज विरघळतो. हेच त्याचं दुखणं. एएच प्लससारख्या इपॉक्सी रेझिन सीलरमध्ये तो त्यातल्या त्यात टिकतो. बायोसिरॅमिक म्हणजे कॅल्शियम सिलिकेट सीलर मात्र ओलाव्यावरच सेट होतात. तिथे रंग सीलरला मागे टाकून ट्यूब्यूलमधल्या पाण्याबरोबर पुढे निघून जातो आणि खोली फुगलेली दिसते. म्हणून अशा सीलरसाठी फ्लुओ-३ घेतात. हा रंग मोकळ्या कॅल्शियम आयनाशी जोडला गेल्यावरच हिरवा चमकतो. मात्र कॅल्शियम डेंटिनमध्येही आहे, तेव्हा फ्लुओ-३ म्हणजे बिनचूक पुरावा असं समजू नका. आणि एका गटात रोडामाइन, दुसऱ्यात फ्लुओ-३ वापरून मायक्रोमीटरचे आकडे शेजारी मांडलेत, तर तुलना रंगांची होते.

मिसळण्याकडे कोणी फार लक्ष देत नाही. एक ग्रॅम सीलरला एक मिलिग्रॅम रंग लागतो. ०.१ मिलिग्रॅमपर्यंत वाचणाऱ्या काट्यावर एवढंसं वजन करताना चूक सहज दहा टक्क्यांवर जाते. त्यापेक्षा टप्प्याटप्प्याने विरळ करा. एएच प्लसच्या एका पेस्टच्या १ ग्रॅममध्ये १० मिलिग्रॅम रंग घोटा. ती पेस्ट एकटी सेट होत नाही, त्यामुळे घाई नाही. त्यातली ०.२ ग्रॅम काढून ०.८ ग्रॅम साध्या पेस्टमध्ये मिसळा. मग दुसरी पेस्ट समभाग घातली की सुमारे ०.१ टक्का मिळतो. रंगाच्या गुठळ्या राहिल्या तर चित्रात भगभगीत ठिपके येतात. रंगामुळे सीलरचा फ्लो (पसरण्याचा गुण) बदलला नाही, हेही आयएसओ ६८७६ या सीलरच्या मानकाप्रमाणे तपासा: ०.०५ मिली सीलर काचेवर, मिक्सिंग सुरू केल्यापासून १८० सेकंदांनी वरची काच धरून १२० ग्रॅम भार, दहाव्या मिनिटाला व्यास.

दात शक्यतो ऑर्थोसाठी काढलेले, एकाच कॅनालचे खालचे प्रीमोलर. वय नोंदवलेलं हवं, कारण वयाबरोबर ट्यूब्यूल बुजत जातात, विशेषतः एपिकल (मुळाच्या टोकाकडच्या) भागात. शेवटच्या इरिगेशनला (कॅनाल धुताना) १७ टक्के ईडीटीए एक मिनिट, मग हायपोक्लोराइट आणि त्यानंतर भरपूर डिस्टिल्ड वॉटर. हे शेवटचं पाणी टाळू नका. उरलेला हायपोक्लोराइट रोडामाइनचा रंगच उडवतो आणि उरलेला ईडीटीए कॅल्शियम धरून फ्लुओ-३ ला उपाशी ठेवतो. पेपर पॉइंटने किती कोरडं करायचं तेही ठरवून लिहा. बायोसिरॅमिकला ठणठणीत कोरडा कॅनाल चालत नाही. ऑब्च्युरेशननंतर (कॅनाल भरून झाल्यावर) ३७ अंशांवर, शंभर टक्के आर्द्रतेत किमान आठवडाभर, फॉइलमध्ये गुंडाळून. उजेडात रंग फिका पडतो.

एपेक्सपासून २, ५ आणि ८ मिमीवर १ मिमीचे काप घ्या. डायमंड ब्लेडची जाडीही दात खाते, ती खुणा करतानाच हिशेबात धरा. कापताना सीलर पृष्ठभागावर फासला जातो. म्हणून ओल्या सिलिकॉन कार्बाइड पेपरवर पॉलिश करा आणि कन्फोकलचा फोकस पृष्ठभागाच्या सुमारे १० मायक्रोमीटर खाली ठेवा. लेझर पॉवर आणि गेन (डिटेक्टरची संवेदनशीलता) सर्वांत प्रखर नमुन्यावर एकदा ठरवून पुढे हलवू नका. प्रत्येक कापाला चित्र ‘छान’ येईल असं गेन वाढवत गेलात की आकड्यांना अर्थ राहत नाही.

फक्त कमाल खोली देऊ नका. ट्यूब्यूलची घनता बक्कल-लिंग्वल (गालाकडच्या आणि जिभेकडच्या) बाजूला जास्त असते, म्हणून तिकडची एखादी लांब रेघ सगळा निकाल फिरवते. परिघाचा किती टक्के भाग भरला, तो आकडाही मोजा. मोजणाऱ्याला गट माहीत नसावा. एका दाताचे तीन काप म्हणजे तीन स्वतंत्र नमुने नव्हेत, हे सॅम्पल साइज काढण्यापूर्वीच स्टॅटिस्टिशियनशी बोलून घ्या.

आता कंट्रोल, म्हणजे पडताळणीसाठीचे नमुने. रंग नसलेला सीलर (डेंटिन स्वतःही हिरवट चमकतं), सीलर नसलेला नुसता रंग, आणि रंग घालून सेट केलेली सीलरची चकती पाण्यात ठेवून पाणी रंगतं का ते. चकतीचं पाणी लाल झालं, तर त्या सीलरसाठी तो रंग बाद. ही चाचणी काही दिवसांत उरकते. सिनॉप्सिस सादर करण्याआधी आणि बाहेरच्या संस्थेत कन्फोकलचे तास बुक करण्याआधी करा.