कोबा पडण्याआधी: फरशीखालच्या हीटिंगची तयारी

फरशीखालचं हीटिंग घ्यायचं ठरलं की बरेच जण थर्मोस्टॅटच्या ॲपपासून सुरुवात करतात. थर्मोस्टॅट कधीही बदलता येतो. कोब्याखाली गेलेली नळी बदलायची तर फरशी फोडावी लागते. म्हणून जे पुरलं जाणार आहे, त्याचा निर्णय आधी.

पहिलं काम म्हणजे खोलीवार हिशोब. कडाक्याच्या थंडीत भिंती, खिडक्या, छत यांतून किती उष्णता निसटते, ते प्रत्येक खोलीसाठी वॅटमध्ये लिहून मागा. फरशी हवी तेवढी तापवता येत नाही. राहत्या खोल्यांत पृष्ठभागाची कमाल मर्यादा २९ अंश सेल्सिअस धरतात, आणि खोलीत २० अंश असताना अशी फरशी चौरस मीटरमागे साधारण १०० वॅट देते. भरपूर काचांच्या खोलीची गरज त्याहून जास्त निघाली तर आधी काच आणि इन्सुलेशन सुधारा, नाहीतर जोडीला रेडिएटर ठेवा. नुसतं क्षेत्रफळ विचारून अंदाजपंचे नळीची लांबी सांगणाऱ्याला तिथूनच रामराम करावा.

मग फरशी तापवायची कशाने, नळ्यांतल्या गरम पाण्याने की विजेच्या केबलने? एखाद्या बाथरूमपुरतं हवं असेल तर विजेची मॅट (तापणारी केबल गुंफलेली जाळी) सोयीची, जेमतेम काही मिलिमीटर जाडीची. अख्खं नवं घर असेल तर मी पाण्याच्याच बाजूने. त्याला ३५ ते ४५ अंशांचं पाणी पुरतं, त्यामुळे हीट पंपाशी, म्हणजे बाहेरची उष्णता ओढून घरात आणणाऱ्या यंत्राशी, त्याचं छान जमतं. घर मात्र शनिवार-रविवारपुरतंच वापरणार असाल तर पुन्हा विचार करा, कारण जाड कोबा तापायला कित्येक तास घेतो.

उंचीचा प्रश्न आर्किटेक्टकडे आधीच न्या. इन्सुलेशनवर वाळू-सिमेंटचा कोबा सहसा ६५ ते ७५ मिमी, त्याखाली इन्सुलेशन, वर फरशी. हे धरलं नाही तर दारं कापावी लागतात आणि जिन्याची पहिली पायरी बुटकी होते. पैसे वाचवायला इन्सुलेशन पातळ करू नका, नाहीतर जमीन तापवत बसाल. भिंतीलगत फोमची पट्टीही हवी, तापलेल्या कोब्याला फुगायला जागा लागते.

नळ्यांचा नकाशा कागदावर मागा. नळी १६ मिमीची असेल तर एक फेरा (निघून परत येणारी एक सलग नळी) १०० मीटरच्या आत राहावा, दोन नळ्यांतलं अंतर साधारण १०० ते २०० मिमी, आणि कोब्याखाली एकही जोड नको. नळीला ऑक्सिजन रोखणारा थर आहे ना, हे विचाराच. तो नसला तर प्लास्टिकमधून शिरलेला ऑक्सिजन पंप-बॉयलरचे लोखंडी भाग गंजवतो. स्वयंपाकघरातली कपाटं, कमोड, भिंतीत बसवलेलं फर्निचर कुठे येणार ते याच नकाशावर दाखवा. सगळे फेरे जिथे येऊन जुळतात त्या मॅनिफोल्डला हात पोचेल अशी जागा ठरवा आणि प्रत्येक फेऱ्यावर खोलीचं नाव लिहून घ्या.

कोब्याच्या दिवशी साइटवर हजर राहा. नळ्या दाबाखाली भरलेल्या असाव्यात आणि कोबा पडत असतानाही दाब तसाच हवा. फावड्याचं पातं लागलं किंवा ढकलगाडीचं चाक घसरलं तर दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा लगेच खाली येतो, आणि तेव्हा नळी अजून उघडी असते. गाडीच्या वाटेवर फळ्या टाकायला सांगा. त्याआधी मोजपट्टी धरून प्रत्येक खोलीचे फोटो काढा. विजेची केबल असेल तर तिचा विद्युत रोध (रेझिस्टन्स) तीनदा मोजून लिहा: अंथरण्याआधी, अंथरल्यावर, फरशी बसल्यावर.

कोबा वाळवायला हीटिंग लावायची घाई कंत्राटदाराला होईल, तुम्हाला होऊ नये. सिमेंटच्या कोब्याला किमान २१ दिवस द्या, मग तीन दिवस २५ अंशांचं पाणी आणि पुढे चार दिवस कमाल ठरलेलं तापमान. वेळापत्रकात हे दिवस आत्ताच धरा.

वरचं आच्छादन टाइल किंवा दगडाचं असेल तर उत्तमच. लाकूड हवं असेल तर थरांचं इंजिनिअर्ड घ्या, पृष्ठभाग साधारण २७ अंशांवर रोखा आणि बसवण्याआधी कोब्यातली ओल मोजून घ्या. जाड गालिचा आवडत असेल तर तोही पहिल्या हिशोबात सांगा, कारण तो उष्णता अडवतो.

कोटेशनवर सही करताना दाबाची चाचणी, पहिलं तापवणं आणि प्रत्येक फेऱ्याचा प्रवाह जुळवणं ही तीन कामं त्यात लिहिलेली आहेत का, ते बघा. ही सहसा ‘नंतर बघू’मध्ये ढकलली जातात.