टोपी घालायच्या आधी पाय मोजा

सात-आठ वर्षांची असताना वहीच्या मागच्या पानावर छत्रीवाली मुंगी काढली होती, तेव्हापासून किडेच काढतेय आणि आता साठी उलटली. नवीन मुलं विचारतात असं गमतीदार सुचतं कसं, तर बाबांनो सुचायचं नंतर, आधी किडा बघायला शिका.

माझी कितीतरी वर्षं चुकीच्या पायांत गेली. कार्टूनच तर आहे, काढा चार पाय आणि चिकटवा पोटाला, असं चालायचं. चित्रं गोड दिसायची पण त्यात जीव नसायचा. मग एकदा खिडकीत मेलेला भुंगा मिळाला, भिंगातून बघितला तर सहाही पाय छातीतून निघालेले, पंखसुद्धा तिथूनच, पोटाला काहीच नाही! तेव्हापासून आधी पेन्सिलने खरा किडा, मगच टोपी.

आणि गंमत तर किड्यातच असते. बरेच नाकतोडे मागचा पाय पंखावर घासून आवाज काढतात, मग त्याच्या हातात व्हायोलिन कशाला द्यायचं, तो पायच गज करा ना. फुलपाखराच्या मिशीच्या टोकाला बारीक गाठ असते, पतंगांत बऱ्याच नरांच्या मिशा पिसासारख्या, त्यामुळे माझे म्हातारे आजोबा नेहमी पतंगच असतात.

रंगाचं मात्र नीट ऐका. कित्येक फुलपाखरांचा चमकदार निळा हा रंगद्रव्याचा नसतोच, खवल्यांच्या सूक्ष्म रचनेवरून प्रकाश परततो म्हणून तो दिसतो. त्यामुळे ट्यूबमधला निळा थापला की पंख मेलाच म्हणून समजा. मी वॉटरकलरमध्ये फिकट निळा वॉश, म्हणजे भरपूर पाण्यातला पातळ रंग देते, पूर्ण वाळू देते (इथेच सगळे घाई करतात), वर जांभळट आणि हिरवट असे पातळ थर, आणि उजेडाची जागा पहिल्यापासून कोरा कागद.

अडले की मारिया सिबिला मेरियन या जुन्या जर्मन चित्रकर्तीची चित्रं बघते. ही बाई 1699 मध्ये, वयाच्या 52 व्या वर्षी, मुलीला घेऊन दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेली फक्त किडे बघायला, आणि अळी, कोष, फुलपाखरू, त्यांचं झाड असं सगळं एकाच पानावर मांडलं.

एका गॅलरीने मला किडे भिंतीवर कोण लावणार म्हणून परत पाठवलं होतं, फार लागलं तेव्हा. नंतर मुलांच्या पुस्तकांचं काम मिळत गेलं, तुम्हीही तिकडे नमुने पाठवा.

जिवंत किडे पकडू नका, मेलेले पुरतात. वाळलेल्याचे पाय हात लावताच तुटतात, म्हणून बंद डबीत ओल्या टिश्यूशेजारी रात्रभर ठेवा, सांधे मऊ होतात आणि हवी ती पोझ देता येते.