कुत्र्यासाठी घरी जेवण कसे तयार करावे

दूध-पोळी किंवा आमटी-भात खाऊन वाढलेली कुत्री आपल्याकडे घरोघरी दिसतात. त्यामुळे आपल्या पातेल्यातले थोडे त्याला वाढले की झाले, असा समज रूढ आहे. पोळी-भाताचा त्यात फारसा दोष नाही, कारण शिजवलेला स्टार्च कुत्र्याला चांगला पचतो. अडचण फोडणीतल्या कांदा-लसणाची आहे. त्यांच्यामुळे कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात आणि शिजवल्याने हा दोष जात नाही. म्हणून त्याचे जेवण वेगळ्या भांड्यात, बिनमसाल्याचेच शिजवावे.

प्रथम प्रमाण ठरवावे. नसबंदी झालेल्या, 10 किलो वजनाच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण 600 ते 650 किलोकॅलरी पुरतात. त्यासाठी 250 ग्रॅम हाडे व कातडी काढलेले कच्चे चिकन, 15 ग्रॅम कोंबडीची कलेजी, 60 ग्रॅम तांदूळ, 80 ग्रॅम लाल भोपळा, गाजर किंवा फरसबी आणि चहाच्या चमच्याने दीड चमचा तेल एवढे साहित्य घ्यावे. कलेजी कुत्र्याला कितीही आवडली तरी वाढवू नये, कारण तिच्यातले जीवनसत्त्व अ शरीरात साठत जाते. अंदाजाने मूठभर टाकण्यापेक्षा स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा वापरणे केव्हाही चांगले.

चिकनचे तुकडे व कलेजी बुडेल एवढ्या पाण्यात मंद आचेवर वीसेक मिनिटे शिजवावी. निघालेले पाणी फेकून न देता त्यातच तांदूळ आणि बारीक चिरलेल्या भाज्या घालून कुकरमध्ये नेहमीपेक्षा मऊ शिजवून घ्याव्यात. भाजी घोटून घेतली नाही तर पुष्कळदा ती जशीच्या तशी विष्ठेतून बाहेर पडते. शेवटी चिकन हाताने कुस्करून मिसळावे आणि त्या वेळी एखादे हाड राहिले नाही ना, हे बोटांनी चाचपून पाहावे. शिजलेले हाड तुटून त्याच्या टोकदार चिरफळ्या होतात व त्या आतड्यात रुतू शकतात. तेल गॅस बंद केल्यावर घालावे.

एवढे करूनही हे जेवण अपुरेच असते, आणि बहुतेक पाककृती नेमक्या इथेच थांबतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी 2013 मध्ये अशा 200 पाककृती तपासल्या, तेव्हा 95 टक्के पाककृतींमध्ये किमान एक आवश्यक पोषक घटक कमी पडत असल्याचे आढळले. मांसात फॉस्फरस भरपूर, पण कॅल्शिअम नगण्य असते, आणि हा असमतोल महिनोन्महिने चालला तर शरीर हाडांमधून कॅल्शिअम ओढून घेऊ लागते. यावर अंड्याचे कवच हा स्वस्त उपाय आहे. कवचे धुऊन दहा मिनिटे उकळावीत, कोरडी करून तव्यावर हलकी भाजावीत आणि मिक्सरमध्ये इतकी बारीक दळावीत की चिमटीत घेतल्यावर कण टोचू नयेत. वरील जेवणात ही पूड चहाच्या चमच्याने सपाट अर्धा चमचा पुरते. जस्त, आयोडीन, तांबे, जीवनसत्त्व ड आणि ई यांसाठी मात्र पशुवैद्यांकडून पूरक पावडर लिहून घ्यावी; तिच्यात कॅल्शिअम असेल तर कवचाची पूड घालू नये.

तयार अन्न पूर्ण थंड करून दोन वेळांत विभागून द्यावे. फ्रिजमध्ये ते तीन दिवस टिकते, त्याहून अधिक केले असल्यास डबे फ्रीझरमध्ये ठेवावेत. आधीचा आहार एकदम बंद करू नये: पहिल्या दिवसांत एक चतुर्थांश नवे अन्न मिसळावे आणि आठ-दहा दिवसांत पूर्णपणे त्यावर यावे, अन्यथा जुलाब होतात. महिन्याभराने वजन करावे. बरगड्या बोटांना सहज लागायला हव्यात; लागत नसतील तर भात कमी करावा.

द्राक्षे, मनुका, बेदाणे, चॉकलेट आणि झायलिटॉल असलेले शुगर-फ्री पदार्थ थोडेसेही देऊ नयेत. सणासुदीला शिऱ्यातले बेदाणे काढून प्रसाद भरवण्याची कसरत करण्यापेक्षा तो न दिलेलाच बरा.

शाकाहारी घरात अंडी, पनीर व डाळ यांवर कुत्र्याचा आहार बसवता येतो, परंतु त्याची आखणी पशुवैद्यांनीच करायला हवी. पिल्ले, गाभण कुत्री आणि मूत्रपिंडाचे किंवा स्वादुपिंडाचे विकार असलेली कुत्री यांच्यासाठी वरील प्रमाण वापरू नये. विशेषतः ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड यांसारख्या मोठ्या जातींच्या पिल्लांत कॅल्शिअम जास्त झाले तरी हाडांची वाढ बिघडते.